कार्डच बिघडलेलं असू दे

१

काळूराम घरतचा दिवस साडेदहाला सुरू व्हायचा. त्याआधीचं उठणं, पाणी भरणं, दाढी करणं हे सगळं नुसतं अंगवळणी पडलेलं. साडेदहाला तो पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचं प्लास्टिक काढायचा, कोरड्या फडक्यानं पेटी पुसायचा, बटण दाबायचा आणि बेवारस मृतदेहांची यादी उघडायचा. रायगड, नवी मुंबई, ठाणे, पालघर, रत्नागिरी. एकेक चेहरा बघायचा. चेहरा बघण्यासारखा नसेल तिथं कपडे वाचायचे, कपडे नसतील तिथं गोंदण. प्रज्योत त्यात नसायचा. मग कॉम्प्युटर बंद, प्लास्टिक परत जागेवर, आणि आत हाक, "येसू, च्या टाक गं."

येसूबाई कधी काही विचारायची नाही. चहाची हाक हेच उत्तर होतं.

तीन वर्षं झाली होती. प्रज्योत, वय चोवीस, न्हावा शेवा बंदराबाहेर उभ्या असलेल्या जहाजांना माल पोचवणाऱ्या एका बार्जवर हेल्पर होता. एका संध्याकाळी घरी आला नाही. कंपनीनं रजिस्टर पुढं केलं: सहा वाजून दहा मिनिटांनी जेट्टीवर उतरला, ही बघा सही. पोलिसांनी सही बघितली आणि लिहून टाकलं की मुलगा सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीनं गेला असावा. एका माणसाच्या नाहीशा होण्याचा तपास इतक्यावर आटोपला. बार्जवरच्या कुणाला बोलावलं नाही, जेट्टीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं नाही. काळूरामनं पोलीस ठाण्यात टेबलावर हात आपटला, त्याबद्दल मात्र त्याच्यावर नोंद झाली.

सही प्रज्योतची नव्हती. बापाला पोराची सही कळते. पण हे मोठ्यानं म्हणायची चोरी होती. सही खोटी असेल तर पोरगा बार्जवरून उतरलाच नाही. आणि सही खरी असेल तर कंपनी मोकळी, पण पोरगा कुठंतरी जिवंत. भांडायचं तर पोराला आपल्याच तोंडानं बुडवायचं, आणि पोर जिवंत ठेवायचं तर त्या हरामखोरांचा कागद खरा मानायचा. तीन वर्षं काळूराम या दोन वाक्यांच्या मध्ये उभा होता. महिन्यातून एकदा ठाण्यात जायचा, "सही तपासा" म्हणून भांडायचा, आणि "म्हणजे तुमचं म्हणणं काय, घरत?" असं कुणी विचारलं की उठून यायचा.

कॉम्प्युटर प्रज्योतचाच. एकेक भाग आणून त्यानं स्वतः जोडलेला. आत दोन पंख्यांचं भलं मोठं ग्राफिक्स कार्ड, गेम खेळायला घेतलेलं. "पप्पा, हे गेलं ना तर पडद्यावर चौकोन-चौकोन येतात," त्यानं एकदा सांगितलं होतं. काळूरामनं ते ध्यानात ठेवलं होतं. पोराचं सगळंच तो ध्यानात ठेवून होता.

२

एप्रिलात भाविकाचं, त्याच्या मुलीचं, लग्न झालं. व्हिडिओवाल्यानं महिन्याभरानं पेनड्राइव्ह आणून दिला. दुपारी जेवणं उरकून काळूराम आणि येसूबाई कॉम्प्युटरसमोर बसले. पंखा फिरत होता. खिडकीतून खाजणाकडचा खारा वारा येत होता.

हळदीचा भाग लागला. अंगणातला मांडव, बायकांचा घोळका, लग्नगीतं गाणारी धवलारीण नीराबाई पाटावर. सगळं स्वच्छ. मग एकदम मांडवाच्या उजव्या खांबाजवळ हिरव्या-जांभळ्या चौकोनांचा एक पट्टा उभा राहिला. माणसाच्या उंचीचा. थरथरत होता, पण हलत नव्हता.

"कार्ड तापलं," काळूराम म्हणाला.

येसूबाई पडद्याकडं वाकली. थोडा वेळ बघत राहिली, मग पदर सावरून आत गेली. आतून भांडं घासल्याचा आवाज येऊ लागला. दुपारची भांडी तिनं मघाशीच घासली होती.

काळूराम सव्वीस वर्षं कंटेनर यार्डात वायरमन होता. बिघाड कुठं बसतो हे त्याला ठाऊक. कार्डाचा बिघाड काचेवर बसतो, चित्र कुठलंही असो. इथं कॅमेरा डावीकडं वळला आणि चौकोन खांबाबरोबर उजवीकडं सरकत पडद्याबाहेर गेले. कॅमेरा परत फिरला, तसे ते खांबाबरोबर परत आले.

कार्डाला खांब कुठला कळायला?

त्यानं व्हिडिओ मागं घेतला आणि पट्टा नेमका कुठं सुरू होतो ते शोधलं. शोधायची गरज नव्हती. त्याला आधीच माहीत होतं. पट्टा सुरू होण्याच्या अगदी आधी कॅमेऱ्यामागून त्याचाच आवाज येत होता, "थांबव! बंद कर ते!"

३

त्या दिवशी झालं होतं ते असं. लग्नघरात धवलारीण गाऊन आधी देवांना मांडवात बोलावते, मग घरातल्या गेलेल्यांना. एकेकाचं नाव घेऊन. जिवंतांना पत्रिका जातात, गेलेल्यांना हे आवतण. नीराबाईनं काळूरामच्या आज्याचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, आईचं घेतलं, लहानपणी तापानं गेलेल्या भावाचं घेतलं. आणि त्याच चालीत, एक श्वास न मोडता, प्रज्योतचं घेतलं.

काळूराम भर हळदीत ओरडला होता. चार माणसांनी त्याला धरून मागच्या दारी नेलं. नीराबाई क्षणभर थांबली आणि पुढं गाऊ लागली. आवतण अर्धवट सोडत नाहीत.

म्हणून आता कार्ड बिघडलेलं असणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी यादी बघून झाल्यावर त्यानं प्लास्टिक परत घातलंच नाही. पेचकस घेऊन बसला. वायरमनची रीत सरळ असते, एकेक वस्तू वगळत जायचं. मॉनिटरची वायर बदलली. पट्टा होता. शेजारच्या अजितचा मॉनिटर आणून लावला. पट्टा होता. कार्ड न लावता मॉनिटर थेट जोडावा, तर प्रज्योतच्या मशीनला तशी सोयच नव्हती, चित्र यायचं तर कार्डातूनच. मग कार्ड बाहेर काढलं. खारट हवेत लोखंड टिकत नाही तिथं तांब्याची काय कथा, कार्डाच्या कडेच्या सोनेरी दातांवर हिरवट बुरशी चढली होती. ती बघून काळूरामला इतका आनंद झाला की त्यानं आत हाक मारली, "येसू! हे बघ! गंजलंय!"

येसूबाई दारात आली. हात ओले होते. तिनं कार्डाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, "बरं."

खोडरबरानं त्यानं एकेक दात घासला. ब्रशनं पंख्यातली धूळ काढली. परत बसवलं. पट्टा होता.

त्यानं तापमान बघितलं, एकसष्ट अंश. तापलेलं नव्हतं. प्रज्योतचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला, त्यात कार्डाची खरी परीक्षा होते. दोन तास गाड्या नुसत्या धावत राहिल्या, काळूरामला चालवता येत नव्हत्या, तो कडेला उभ्या आपल्या गाडीकडं बघत बसला. एक चौकोन आला नाही. गणपतीचा जुना व्हिडिओ लावला. स्वच्छ. भाविकाच्या साखरपुड्याचा लावला. स्वच्छ.

कार्ड एकेका परीक्षेत पास होत होतं आणि प्रत्येक वेळी काळूराम पेचकस पुन्हा हातात घेत होता.

संध्याकाळी भाविकाचा सासरहून फोन आला. "पप्पा, एवढं कशाला करताय? पेनड्राइव्ह टीव्हीला लावा ना. टीव्हीवर नीट दिसला म्हणजे कॉम्प्युटर खराब. एका मिनिटाचं काम."

"टीव्हीला तशी खाच न्हाय."

"आहे. मागं आहे. दादानंच तर दाखवलंवतं..."

"न्हाय म्हनतो ना मी!"

खाच होती. काळूरामला दिसत होती. टीव्हीवरही पट्टा आला असता तर पुढं वगळायला काही उरलं नसतं.

४

तिसऱ्या दिवशी, बारा-साडेबाराच्या सुमारास, त्याला दुसरंच काही दिसलं.

इतके दिवस तो चौकोनांकडं बघत होता. त्या दिवशी डोळे शिणले म्हणून नजर जरा बाजूला गेली, माणसांवर. चुलत बहीण डोक्यावर कळशी घेऊन मांडवातून सरळ चालत आली. खांबाजवळ येताच अर्धं पाऊल डावीकडं सरकली, पट्ट्याला वळसा घातला आणि पुढं गेली. खाली बघितलं नाही, वर बघितलं नाही. गर्दीत उभ्या माणसाला आपण जसे चुकवतो, तसं.

काळूरामनं व्हिडिओ थांबवला. मागं घेतला. पुन्हा लावला.

तिच्यामागून दोन करवल्या हात धरून धावत आल्या. पट्ट्यापाशी त्यांचे हात सुटले, एक इकडून गेली, एक तिकडून, आणि पुढं जाऊन पुन्हा हात धरले. ढोलवाला मागं सरकत होता, त्याची पाठ पट्ट्याला टेकणार तोच तो थबकला आणि मान अर्धी वळवून काहीतरी पुटपुटला. 'सॉरी' म्हणाला असावा.

तिथं काहीतरी असेल, काळूराम स्वतःशी म्हणाला. खुर्ची असेल. कुलरची वायर असेल. पाण्याचं पिंप असेल. चौकोनांखाली झाकलं गेलंय, एवढंच. पण मांडव त्यानं स्वतः उभा करून घेतला होता. कुलर डावीकडं होता. पिंप मागच्या दारी. तरी तो उठून अंगणात गेला. ऊन रणरणत होतं. खांबाचा खड्डा अजून बुजलेला नव्हता. त्यापासून दीड हातावर तो उभा राहिला. कोरडी, टणक जमीन. इथं ठेवण्यासारखं काही नव्हतंच. इथून फक्त पाटावर बसलेली नवरी नीट दिसली असती.

तो तिथून बाजूला झाला. का झाला ते त्याला सांगता आलं नसतं.

५

दुपारी तो नीराबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. नीराबाई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. वय सत्तरीच्या पुढं, नजर मात्र टाचणीसारखी.

"आलास भांडाया?" ती म्हणाली. "बस. उभ्यानं भांडलास तर मान दुखंल माझी."

"नीराबाय, माझ्या जित्या पोराचं नाव मेलेल्यांत घेतलंस तू. तुझं डोकं ठिकानावर हाय का?"

"माझं हाय. तुझं कवाच गेलंय." तिनं सूप खाली ठेवलं. "अरं, मी काय घरोघरचं मेलेलं पाठ करून फिरते? नावं घरातली बाई देते. मी गाते. तुझ्या बापाचं नाव मना कुनी दिलं? भावाचं कुनी दिलं? तिनंच सगली नावं दिली रे, जिनं द्यायची तिनं."

काळूराम ओट्यावर टेकला.

"मी तिला इचारलं व्हतं," नीराबाई म्हणाली, आता आवाज खाली आला होता. "दोनदा इचारलं. येसू, पोराचं नको. एकदा घेतलं की मागं घेता येत न्हाय. तर म्हनली, घे."

घरी येईपर्यंत त्याला रस्ता दिसतच नव्हता. येसूबाई मागच्या दारी पायरीवर बसली होती, जणू त्याचीच वाट बघत.

"तू दिलंस त्याचं नाव?"

"व्हय."

"का गं? कोन म्हनलं तुला तो मेला? पोलीस म्हनलं? कंपनी म्हनली? मी रोज त्या यादीत..."

"तुमी रोज यादीत बघता," येसूबाई म्हणाली. ती ओरडली नाही. "आवं, भनीचं लगीन. त्याला बोलवायला नको? फोन लावला तर ती बाई बोलते, हा नंबर अस्तित्वात न्हाय. पत्रिका कुटं धाडू? तुमीच सांगा, कुटं धाडू? एकच वाट व्हती जिथनं आवतण पोचतं. म्हटलं, जिता असंल तर त्याला काय व्हतंय, म्हातारी गाईल आन् इसरंल. आन् नसंल..." ती थांबली. "नसंल तर तरी येईल."

काळूरामनं हात उगारला होता. तो तसाच वर राहिला, मग खाली आला.

"कार्ड खराब हाय," तो म्हणाला. "उद्या उरणला नेतो. बघच तू."

६

मितेशचं दुकान उरणच्या बाजारपेठेत, चपलांच्या दुकानावर. मितेश तिशीतला, तोंडात सतत बडीशेप, हात मात्र चपळ. दुपारचे बारा वाजले होते, खाली भाजीवाल्यांचा आरडाओरडा चालू होता.

"काका, टेन्शन नका घेऊ. एका झटक्यात कळतं." त्यानं काळूरामनं आणलेली पेटी उघडून प्रज्योतचं कार्ड काढलं, दुकानातलं दुसरं बसवलं, पेनड्राइव्ह लावला. मांडव उघडला. नीराबाईचा सूर लागला. काळूरामनं दोन्ही हात मांड्यांवर दाबून धरले. त्याचा स्वतःचा आवाज आला, "थांबव! बंद कर ते!"

पट्टा आला नाही.

खांब होता, खांबाला बांधलेली केळीची पानं होती, त्यामागं माणसं होती. एकही चौकोन नाही.

"बघा. क्लीन." मितेशनं प्रज्योतचं कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये खोचलं आणि बटण दाबलं. त्या मशीनचा पडदा वरपासून खालपर्यंत हिरव्या-जांभळ्या चौकोनांनी भरून गेला. "आणि हे बघा तुमचं. मेमरी उडालीय. तुम्ही दात घासलेत, त्यानं थोडं चाललं असेल, आता खल्लास. खाडीकाठचं कार्ड ना, चार वर्षं टिकलं हेच खूप."

"नक्की?"

"शंभर टक्के. लिहून देऊ?"

"दे," काळूराम म्हणाला. "लिहून दे."

मितेश हसला, पण त्यानं बिलबुक काढलं आणि खरंच लिहिलं: ग्राफिक्स कार्ड नादुरुस्त. खाली सही केली. काळूरामनं तो कागद दोनदा वाचला. तीन वर्षांत त्याच्या बाजूनं कुणी लिहून दिलेला हा पहिला कागद. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. मितेश पाठ वळवून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपचे स्क्रू काढायला लागला. व्हिडिओ चालूच होता.

कळशी घेऊन चुलत बहीण आली. खांबाजवळ अर्धं पाऊल डावीकडं सरकली आणि पुढं गेली. आता तिथं झाकणारं काही नव्हतं. खुर्ची नव्हती, पिंप नव्हतं. एप्रिलातली कोरडी जमीन. करवल्यांनी हात सोडले, मोकळ्या जागेच्या दोन बाजूंनी गेल्या, पुन्हा हात धरले. ढोलवाल्यानं मान वळवली. तो 'सॉरी' म्हणाला नव्हता. 'आलास व्हय?' म्हणाला होता. आता ओठ स्पष्ट दिसत होते.

खिशातला फोन वाजला. येसूबाई.

"काय म्हनला दुकानवाला?"

"कार्डच गेलं." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "कार्डच गेलंवतं, येसू. लिहून दिलंय त्यानं. दुसरं लावलं, आता साफ दिसतंय सगलं."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. 

"साफ दिसतंय?" येसूबाई म्हणाली. "मंग आता तो दिसतो का?"

पडद्यावर येसूबाई मांडवात आली. हिरवं लुगडं, हातात हळदीची वाटी. घरी कॅमेरा इथं जवळ जाताच चौकोनांनी सगळा पडदा भरायचा, हा तुकडा काळूरामनं कधी पाहिला नव्हता. ती बायकांच्या घोळक्यातून बाहेर पडली, नवरीकडं न जाता खांबाकडं वळली आणि त्या मोकळ्या जागेसमोर येऊन थांबली. मान वर केली. प्रज्योत तिच्यापेक्षा वीतभर उंच होता. तिनं दोन बोटं वाटीत बुडवली, हात उचलला आणि हवेत, कानाच्या खालपासून हनुवटीपर्यंत, सावकाश फिरवला. मग दुसऱ्या बाजूनं. हात खाली आला तेव्हा कॅमेरा तिच्या अगदी जवळ होता.

बोटं स्वच्छ होती. पिवळ्याचा एक ठिपकाही त्यांवर उरला नव्हता.

"सांगा ना," फोनमधली येसूबाई म्हणाली. "दिसतो का?"

काळूरामनं तोंड उघडलं. तीन वर्षांत तो येसूबाईशी खोटं बोलला नव्हता.

"दिसतो," तो म्हणाला.

"अंग कोरडं झालंय का त्याचं?" ती घाईनं विचारू लागली, जणू फोन तुटेल. "मी हळद लावली तवा गाल गार व्हता. वला. बोट सरकत व्हतं. केसांतनं पानी गलत व्हतं माझ्या मनगटावर. कोनाला सांगितलं न्हाय मी. तुमाला कसं सांगू? तुमी रोज यादी बघत व्हता. सांगा, कोरडं झालंय?"

खाली बाजारात कुणीतरी कोथिंबिरीचा भाव ओरडत होतं. मितेशनं विचारलं, "काका, हे जुनं भंगारात टाकू ना?" काळूरामला ऐकू गेलं नाही. पडद्यावर येसूबाई वाटी घेऊन परत चालली होती. मांडवातल्या त्या जागेला आता कुणी वळसा घालत नव्हतं. दोन बायका त्या जागेतून सरळ चालत गेल्या.

"झालंय," काळूराम म्हणाला.

येसूबाईनं श्वास सोडला. लांब, खोल.

"मंग जावा आता ठान्यात," ती म्हणाली. "सांगा त्यांना. ती सही त्याची न्हाय."